नवारीचा पट्टा

आमच्या मामाच्या गळ्यात मी कधी काही पाहिलं नाही. मफलर नाही, ताईत नाही, साखळी तर दूरच. टॉवेल असायचा, तोसुद्धा खांद्यावर. लग्नात हार घालावाच लागला, तर गळ्यात पडल्या पडल्या त्यानं तो काढून हातात धरला. मामी हार घालून उभी आणि शेजारी मोकळ्या गळ्याचा मामा, असा त्यांचा फोटो आहे. पाहुण्यांना वाटलं, नवरदेव रुसला. रुसला-बिसला नव्हता. आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांचा, घरात एक कायदा होता. गळ्यात काही अडकवायचं नाही.

त्याला कारण होतं. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात आबा हलगी वाजवायचे. हौस म्हणून नाही, गावकीचं काम म्हणून. कुणाचं लग्न असो, कुणाची मयत असो, बोलावणं आलं की हलगीची कातडी वादी गळ्यात घालायची आणि पुढं चालायचं. पंगती बसायच्या आणि आबा वाजवत उभे राहायचे. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं पदरात. धम्मदीक्षा घेऊन आले त्या दिवशी आबांनी हलगी वादीसकट चुलीत घातली. त्यानंतर त्यांनी ताटावर बोटसुद्धा वाजवलं नाही आणि घरात कुणाला वाजवू दिलं नाही.

आणि अशा घरात मामा जन्माला आला, ज्याचे हात गप बसायचेच नाहीत.

मोठ्या दुष्काळात आमचं सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतं. मी एवढीशी, खडीच्या ढिगाच्या सावलीला बसलेली. दुपारी खायला सुकडी मिळायची, तिच्याकडं सगळ्यांचे डोळे. मामाला तेव्हा मिसरूडही नव्हतं. तो रिकामं घमेलं मांडीवर उपडं घ्यायचा आणि बोटांनी असा ठेका धरायचा की बायांच्या हातोड्या आपोआप त्या ठेक्यावर पडायच्या. लांबून आबांचा आवाज यायचा, "हात गप ठिव रे!" हात थांबायचे आणि पाय सुरू व्हायचे. "मी न्हाई आबा, पाय करून राहिला," मामा म्हणायचा आणि कोरड्या तोंडाच्या बाया हसायच्या. उपाशी माणसाला हसवणं सोपं नसतं. मामाला ते जमायचं.

दुष्काळानंतर आम्ही लातूरला आलो. आबा आडतीवर हमाल, माय मशिनीवर झंपर शिवणारी, मामा मिळेल ते काम करणारा. मग लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवी कार्यालयं म्हणजे नवी माणसं. मामा शिपाई म्हणून लागला. पहिल्या दिवशी लाल पट्टा आणि पितळी बिल्ला घेऊन तो आबांपुढं उभा राहिला. आबांनी पट्टा हातात धरून उलटासुलटा केला.

"हे गळ्यातलं का खांद्यावरचं?"

"खांद्यावरचं, आबा."

"पगार हाय?"

"हाय की. महिन्याच्या महिन्याला."

"मंग घाल."

त्या दिवसापासून गल्लीत त्याला पट्टेवाला मामा म्हणू लागले. पुढं त्या नावाचा अर्थ बदलणार होता, हे कुणाला ठाऊक?

नव्या जिल्ह्यात साहेब येत आणि बदलून जात. अशाच एका साहेबांची बदली झाली. सामान टेम्पोत भरताना त्यांच्या मुलाची जुनी गिटार उरली. "तुला हवी का रे?" साहेबांनी सहज विचारलं. मामानं ती दोन्ही हातांवर तान्हं लेकरू आणावं तशी घरी आणली. आमच्या गल्लीत जयंतीची गाणी म्हणणारी पार्टी होती, तिच्यात मामा कोरस धरायचा. तिथल्या ढोलकीवाल्या बाबूभाईंना सूर चांगले कळायचे. त्यांच्या मदतीनं तारा लावल्या आणि मामा रोज संध्याकाळी कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात, बाकड्यावर बसून, शिकू लागला. घरी गिटार वाजायची नाही. आबा ती बघायचे आणि तोंड फिरवायचे. लाकडाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. वाजवण्याबद्दल होती.

वर्षभरात हात बसला आणि पार्टीनं मामाला जयंतीच्या मोठ्या स्टेजवर घ्यायचं ठरवलं. पार्टी उभ्यानं गायची, म्हणजे गिटारही उभ्यानं. आता तिला पट्टा हवा. आधी मामानं सुतळी बांधली, ती खांद्यात रुतली. मग बाबूभाई म्हणाले, "अरे मियाँ, चमड्याचा घे. जिंदगीभर टिकतो." त्यांनीच कुठूनतरी एक चांगला, रुंद, कातडी पट्टा आणून दिला. मामा तो घरी घेऊन आला.

आबा दारात बसले होते. त्यांनी पट्टा बघितलासुद्धा नाही. नुसता वास आला आणि ते म्हणाले, "हा वास वळखतो मी."

एवढंच. ओरडले नाहीत, काही नाही. उठून अंगणात गेले आणि त्या दिवशी भाकरी अंगणातच खाल्ली. मामानं पट्टा तसाच बाबूभाईंना परत दिला आणि गिटार चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली. पार्टीवाले आले, तेव्हा त्यांना स्पष्ट सांगितलं, "आबा समोर बसनार असतील तर वाजवीन. ते उठून गेले तर मला स्टेज कामून पायजे?" बाबूभाईंनी समजावलं, पोरांनी टोमणे मारले, "सरकारी नोकर झाला तरी बापाला भितो." मामा म्हणाला, "भित न्हाई. त्यानं जे उतरवलं ते मी चढवतोय असं त्याला दिसून राहिलं. ते खोटं हाय, एवढंच दाखवायचंय."

आठवडाभरानं जेवताना त्यानं हळूच विषय काढला. "आबा, कातडं न्हाई आन् गळ्यात बी न्हाई. बिल्ल्याच्या पट्ट्यावानी खांद्यावरून घेतलं तर?"

आबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलणं म्हणजे निम्मा होकार असायचा. दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन गोलाईच्या बाजारात गेला, बाज विणायची नवार विकणाऱ्या अप्पांच्या दुकानात.

"नवार पायजे, अप्पा."

"किती बाजंची?"

"बाजंला न्हाई. गिटारला."

अप्पांनी चष्मा वर केला. "गिटार म्हंजे कोन्ती बाज? लांबडी का चौकोनी?"

"लांबडी. मधी बारीक."

"मंग मानूस झोपनार कसं तिच्यावर?"

"झोपत न्हाई अप्पा, झोप उडते तिनं."

अप्पांनी आधी नायलॉनची दाखवली, निळी, चकचकीत. मला तीच आवडली. मामानं शर्टावरून ओढून बघितली, सुर्रकन सरकली. "हिच्यावर गिटारचं तोंड खाली जातंय पोरी. मान खाली घालनारं वाद्य मला नगं." मग त्यानं सुती नवार घेतली. जाड, खरबरीत, चार बोटं रुंद. शर्टाला धरून बसणारी. मायनं मशिनीवर तिच्या एका टोकाला दुहेरी काज केलं. ते गिटारच्या बुडाच्या गुंडीत अडकवायचं. दुसरं टोक वर, खुंट्यांच्या खाली, बुटाच्या नाडीनं बांधायचं. पट्टा झाला.

खरा घोळ पुढंच होता, उंचीचा. गल्लीतली पोरं म्हणाली, सिनेमातल्यासारखी खाली सोड, मांडीपर्यंत. मामानं सोडली. दिसायला झकास. वाजवायला गेला तर मनगट मुडपलं आणि बोटं तारांवर नीट पडेनात. "गिटार काय तलवार हाय का, कमरंला लटकवायला?" असं म्हणून त्यानं ती वर ओढली, ती थेट छातीवर. आता हनुवटी लाकडाला लागू लागली. माय म्हणाली, "कडंवर पोरगं घेतल्यासारखा दिसायलास."

मग मामाला सुचलं. तो स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली, रोजच्यासारखा हात चालवून बघितला आणि मायला म्हणाला, "अक्का, आता हितंच पट्टा ताण आन् गाठ मार." मायनं गाठ मारली. मामा उभा राहिला, गिटार होती तिथंच राहिली. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बगा! बसून जिथं, उभ्यानं बी तिथंच पायजे. उभं राहिलं म्हनून हात बदलायचा न्हाई."

आणि तो वाजवू लागला. आमच्या घरात, आबांसमोर, पहिल्यांदा. आबा भिंतीला टेकून बघत होते. तोंड फिरवलं नव्हतं. थोड्या वेळानं ते उठले. मला वाटलं, संपलं. चालले अंगणात.

ते मामाजवळ गेले. त्याचं उजवं कोपर दोन बोटांनी उचललं.

"खांदा वर चढून राहिलाय तुजा. अर्ध्या गान्यात हात भरून येईल." असं म्हणून त्यांनी नाडीची गाठ सोडली, पट्टा बोटभर सैल केला आणि पुन्हा बांधला. चटकन, न बघता. इतकी वर्षं ताटावरसुद्धा न वाजलेली बोटं ती. "आता वाजीव."

मामानं वाजवलं. खांदा उतरला होता.

"वाजवायचंच हाय तर नीट वाजीव," आबा म्हणाले. "पन ध्यान दे. मान देऊन बोलावलं तरच जायचं. आन् वाजवून झालं की बसायला खुर्ची मागून घ्यायची."

मामानं पार्टीवाल्यांना तशी खुर्ची मागितली आणि ती मिळालीही. जयंतीच्या दिवशी तो स्टेजवर उभा राहिला, नवार खांद्यावरून तिरकी, गिटार पोटाशी. आबा पुढच्या रांगेत, धुतलेल्या धोतरात. गाणी संपेपर्यंत हलले नाहीत. नंतर पंगत बसली. आबांनी मामाला हाताला धरून पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाले, "आधी ह्याला वाढ, बाई. वाजवून आलाय." मी बघत होते.

कॉलेजात गेल्यावर मी मामाकडं शिकायला बसले. त्यानं मला स्वतःचा पट्टा दिला नाही. "तुजी उंची तुजी," म्हणाला आणि माझ्यासाठी वेगळी नवार आणली, पुन्हा स्टूल, पुन्हा गाठ. ओढणीचा प्रश्न आला तेव्हा मायनं नाक मुरडलं, पण मामानं निकाल दिला, "ओढनी पट्ट्याच्या खाली. वर घेतली की सरकती आन् पोरीचं ध्यान तिकडंच ऱ्हातं." गॅदरिंगमध्ये मी स्टेजवर गेले तर मागच्या बाकांवरून शिट्ट्या. हॉलच्या दारात मामा उभा होता, ड्युटीवरून तसाच आलेला, बिल्ल्यासकट. त्याला बघून पोरांना वाटलं कुणीतरी सरकारी माणूस आलाय आणि शिट्ट्या बंद झाल्या. मामा नंतर म्हणाला, "बिल्ला पाच मिनिटंच कामाला आला. फुडं तू वाजवलंस म्हनून गप बसले."

मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली. आणि नांदेडला नोकरी लागली, तेव्हा मामा मला त्याच्या गिटारसकट एसटी स्टँडवर सोडायला आला. कंडक्टर म्हणाला, गिटार टपावर टाका. मामा दारात आडवा झाला. "ते सामान न्हाई साहेब, मानूस हाय. तिकीट फाडा तिचं."

कंडक्टरही लातूरचाच. "फुल का हाफ?"

"हाफ. लहान हाय अजून."

सगळी गाडी हसली. गिटार माझ्या शेजारी, खिडकीजवळ बसून नांदेडला आली. गाडी हलली तरी मामा खिडकीला हात लावून चालत राहिला. "पोरी, उपाशी वाजवू नगस," एवढं म्हणाला आणि थांबला.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आबा त्याच्या आधीच गेले. मी नांदेडच्या शाळेत संगीत शिकवते. आमच्या घराण्यात वाजवण्याचा पगार घेणारी मी पहिली आहे.