हॉलमध्ये गेलेली खाट

मुलांनो, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी थोरलीने मला विचारलं, "आजी, तू त्या नैराश्याच्या गोळ्या बंद केल्यावर अगदी पहिल्यासारखी झालीस ना?" मी "हो" म्हटलं आणि तिकडच्या थंडीची चौकशी सुरू केली. ते उत्तर अर्धंच खरं होतं. ती स्वतः आता तशाच गोळ्या घेते आहे. माझ्या अर्ध्या उत्तरावर तिने विसंबू नये, म्हणून उरलेलं लिहिते. धाकट्यानेही वाचावं. तुम्ही दोघंही मोठे झालात. आजीलाही शरीर असतं हे कळायला आता हरकत नाही. आजोबांना विचारूनच लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही. फक्त मला हिरो करू नकोस."

मी पंचावन्न वर्षांची असताना माझी धाकटी बहीण गेली. त्यानंतर मी हळूहळू बंद पडत गेले. शाळेत फळ्यासमोर उभी असताना पुढचं वाक्य सुचायचं नाही. घरी भाजी चिरायला बसले की तासभर नुसती विळीकडे बघत राहायचे. आजोबांनी एक दिवस रजा टाकली, स्कूटरवर मागे बसवलं आणि चिंचवडला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. शेजारी मी 'दात दाखवायला जाते' म्हणून सांगितलं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-अडीच महिन्यांनी हजेरी घेताना मी वर्गात हसले. त्या गोळ्यांनी मला परत आणलं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या देणार नाही.

आता त्याआधीचं. आजोबा चाकणच्या कंपनीत टूलरूममध्ये होते. दर आठवड्याला पाळी बदलायची. पहिल्या पाळीच्या आठवड्यात कंपनीची बस त्यांना चार वाजता संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर सोडायची. माझी शाळा सकाळची, मुलं बाहेर. तो आठवडा आमचा. त्या सोमवारी मी कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक ठिपका द्यायचे. तुमच्या आईने एकदा ठिपक्याबद्दल विचारलं, तेव्हा 'गॅस संपायचा अंदाज' म्हणून सांगितलं.

टूलरूमच्या माणसाला कापलेल्या लोखंडाची कड अंगठ्याने तपासायची सवय असते. कुठे खरखर राहिली आहे का, ते डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतं. आजोबा घरीही तेच करायचे. डब्याची झाकणं, दाराची चौकट, आणि चहाचा कप खाली ठेवला की माझं मनगट. तेवढ्यावरून मला पुढचं कळायचं. खरं तर बस कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज आला, तेव्हाच पोटात काहीतरी हलायचं. पन्नाशीनंतरही.

गोळ्यांच्या दुसऱ्याच महिन्यात ते हलणं थांबलं. अंगठा कळायचा, पण भूल दिलेल्या गालाला बोट लावावं तसा. पुढचंही तसंच. जिथे सुख असायचं तिथे नुसतं काहीतरी घडत असायचं. गोळ्यांच्या पाकिटातला बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद मी भिंग लावून वाचला. त्यात हे लिहिलेलं होतं. मला हायसं वाटलं. गोळ्या थांबल्या की हेही थांबेल, असं मी धरून चालले.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करत दोन वर्षांनी गोळ्या थांबल्या. रडू परत आलं. भूक परत आली. लसणाच्या फोडणीने तोंडाला पाणी सुटायला लागलं. हे मात्र आलं नाही. दिवाळीपर्यंत वाट पाहिली, मग गुढीपाडव्यापर्यंत. शेवटी धीर करून डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "काकू, आता या वयात कशाला ते? एखादं भजनी मंडळ लावा." शाळेत असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. तिथे मात्र 'थँक यू' म्हणून उठून आले.

आजोबांना काहीच सांगितलं नव्हतं. जवळ आले की पाठ दुखते, डोकं दुखतं. कारणं संपत आली आणि तेवढ्यात तुमच्या मामाचं लग्न ठरलं. घरात सून आली की सासू-सासऱ्यांनी एका खोलीत दार लावून झोपू नये, बरं दिसत नाही, अशी आपल्याकडे रीत. मला ती नेहमी खुळचट वाटायची. त्या वेळी मी तिचाच आधार घेतला. लग्नाच्या आठ दिवस आधी आजोबांची खाट हॉलमध्ये हलवली.

"काय गं, कंपनीच्या आधी तूच मला रिटायर करतेस का?"

"अहो, सून येणार घरात. लोक काय म्हणतील?"

"लोक काय बघायला येणार आहेत, खाट कुठाय ते?"

मी चादर झटकत राहिले.

वर्षभराने हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळून मामा-मामी मारुंजीला राहायला गेले. घरात आम्ही दोघंच उरलो. आजोबाही तोवर निवृत्त झाले होते. एका सकाळी पेपरची घडी घालत म्हणाले, "आता खाट आत घ्यायची का?"

"राहू दे की. तुमचा टीव्ही इथेच आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नऊ वर्षं.

त्या नऊ वर्षांत मला आजोबा नको होते, असं समजू नका. चार वाजता मी चहा टाकायचे, आणि कोपऱ्यावर बस थांबल्याचा आवाज आला की बघायचे, आत काही हलतं का. दिवसाचा तो एकच तास मी आजोबांनाही बोलू द्यायचे नाही. मला ओढ लागली होती ती त्या ओढीचीच. हे कुणाला कसं सांगायचं असतं?

मग एका दुपारी स्टीलच्या नव्या मांडणीने माझा हात ओरखडला. आजोबा कानस घेऊन बसले. कड घासली, अंगठा फिरवला आणि खुशीत म्हणाले, "बघ, अजून कळतं मला!"

"मला नाही कळत," माझ्या तोंडून निघून गेलं. आणि मग सगळंच निघालं. गोळ्या, तो कागद, भजनी मंडळ, खाट.

ते कानस हातात धरून ऐकत राहिले. माझं बोलून संपल्यावर त्यांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तुला माझा कंटाळा आला नव्हता?"

"नाही हो."

"मला वाटायचं, कूलंटचा वास येतो अंगाला. एवढी वर्षं मशीनवरच्या त्या तेलकट पाण्यात हात. जाता जात नाही तो वास. रिटायर झाल्यावरही मी दोनदा आंघोळ करतो, ती काय उन्हाळ्यामुळे?"

त्या दोन आंघोळींवरून, टाकीतलं पाणी संपतं म्हणून, मी नऊ वर्षं कुरकुर केली होती.

त्याच संध्याकाळी आम्ही खाट आत घेतली. ती दारात अडकली, तेव्हा आजोबांनी नटबोल्टचे पाने आणून तिचे पाय सोडवले. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही जणांचं हे गोळ्या थांबल्यावरही राहतं, तरुणांचंही. का राहतं ते अजून नीट कळलेलं नाही, आणि हमखास उपाय माझ्याकडे नाही. "वयाचाही भाग असेल. पण हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, आणि तुमचा दोषही नाही." एवढं ऐकायला मला गोळ्या थांबल्यापासून अकरा वर्षं लागली.

म्हणून थोरले, तुला सांगते. गोळ्या घे. आपल्या मनाने बंद करू नकोस. प्रत्येकीला असं होत नाही, तुलाही होईलच असं नाही. पण अंगात काही बदललं तर डॉक्टरांना लगेच सांग, आणि ते हसले तर दुसरे डॉक्टर गाठ. ज्याच्या शेजारी झोपतेस त्याला त्याच आठवड्यात सांग. खाट हलवू नकोस.

माझं ते हलणं परत आलं नाही. चार वाजता मी अजूनही थोडी वाट बघते. बस आता दुसऱ्या कुणाकुणाला कोपऱ्यावर सोडून जाते. आजोबा चहाचा कप खाली ठेवतात आणि माझ्या मनगटावरून अंगठा फिरवतात. तो अंगठा ऊबदार आहे, जरा खरखरीत आहे, आणि तो त्यांचा आहे, एवढं मला कळतं. आमच्या दोन्ही खाटा एका खोलीत आहेत.