अकरा की बारा

आणि टॉर्मोड चौथ्यांदा गमबूट चढवायला लागला, तेव्हा एफीनं किटली उतरवत नवऱ्याला विचारलं, "आता काय राहिलं माळावर? तुझ्या येरझाऱ्यांनी गवत वाढतं होय?"

"उत्तरेचा उतार बघायचाय."

"सकाळी बघितलास तोच?"

"वारा पडल्यावर वेगळा दिसतो."

"आपल्या बेटावर वारा पडलेला तू कधी पाहिलास?"

टॉर्मोड मॅकास्किल हा सव्वीस वर्षं गावच्या सामाईक कुरणाचा कारकून. उइस्ट बेटावर कुरणाचा हिशेब एकरांत नाही, सूममध्ये चालतो. सूम म्हणजे आपल्याकडचा चिक्कू माणूस नव्हे. एका गाईला वर्षभर पुरेल एवढा चारा. पाच मेंढ्यांचा मिळून एक, घोड्याचे दोन. समुद्रकाठचं वाळूचं कुरण एकरी एक सूम देतं; वरच्या ओलगच्च माळाला त्यासाठी बारा एकर लागतात. हे माप टॉर्मोडच्या अंगात इतकं मुरलेलं, की कुठलं घर जमिनीवर किती भार टाकतं ते काढायचं गावानं ठरवलं, तेव्हा त्यानं बटाटे गाईंत मोजले आणि चुलीतलं पीटसुद्धा, म्हणजे माळावरून खणून वाळवलेली जळाऊ माती.

कुरणाच्या समितीची अध्यक्ष पेगी मास्तरीण. ती कागद वाचून म्हणाली, "टॉर्मोड, मला वर्षाला अर्धी गाय जाळायला लागते असं लिहिलंयस."

"थंडी तुला वाजते, बाई. मी काय करू?"

सगळे हसले. टॉर्मोडला मात्र हसू फुटेना. त्याची लेक मोराग ग्लासगो सोडून संसारासकट परत यायची म्हणत होती. एक शेत रिकामं होतं. पण जमिनीला झेपलं तरच द्यायचं, असा गावाचा ठराव. मोरागच्या घराचा भार पंधरा सूम. गावाच्या जमिनीत शिल्लक अकरा.

माळ पाचशे अठ्ठावीस एकरांचा. बाराच्या जागी अकरा धरले, की नेमके चार सूम जास्त निघत होते. तपासायला कोण येणार होतं? त्या एका आकड्यापायी टॉर्मोडच्या पायाला भिंगरी लागली. जेवता जेवता उठायचा, कागद काढायचा, ठेवायचा.

लेकीचा फोन आला. "बाबा, झाला का हिशेब?"

"चाललाय."

"तीन दिवस?"

"माळ मोठा आहे गं."

उतारावर त्यानं टाच रुतवली. खळग्यात काळं पाणी भरलं. दहा पावलांवर पुन्हा रुतवली, पुन्हा पाणी. एक मेंढी तोंडातली लव्हाळ्याची काडी चघळत, हा काय शोधतोय म्हणून बघत राहिली. इथे बारासुद्धा उदारपणे धरलेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी सभा भरली. टॉर्मोड बसला, उठला, खिडकी लावून आला, पुन्हा बसला. शेवटी पेगीनं चष्मा काढला. "अरे, एकदाचं सांग. मोरागला जागा आहे की नाही?"

"माळ बाराचाच आहे, बाई. चार सूम कमी पडतात, म्हणून माझ्या चारही गाई मंगळवारी बाजारात जातील, मग जागा आहे. फक्त एवढं टिपून ठेव, की मोरागनं मला रोज दूध द्यायचं. एफीच्या हातचा कोरा चहा माझ्याच्यानं पिववत नाही."