निकु नाशी

२०११च्या भूकंपानंतर लोक जपानातून पळ काढत होते, तेव्हा आम्ही तिकडे निघालो. नवऱ्याला टोकियोत पोस्टडॉक मिळाली होती, मी कॉलेजातली नोकरी सोडली होती. विमानतळावर आई एवढंच म्हणाली, "सगळे बाहेर पडतायत आणि तुम्ही आत शिरताय." रडली नाही. राग आला की तिला रडू येत नाही. मलाही नाही येत.

मागे राहिलेल्यांना वाटतं, आम्ही मजेत आहोत. टोकियोतल्या निशी-कसाईत, आमच्या भारतीय वस्तीत, तूरडाळ मिळते, गणपती बसतो, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे पाठ झालं की माणूस रुळला. मीही रुळले. मग बऱ्याच वर्षांनी आई पहिल्यांदा आली, पक्की शाकाहारी, आणि तिला इथलं काहीच खाववेना. गिच्च भात बघूनच तिचं पोट भरायचं.

एका संध्याकाळी पार्कात थाई खाण्याचे स्टॉल लागले होते. स्वस्त, गरमागरम. मी एका स्टॉलवालीला म्हटलं, "निकु नाशी", मांस नको. तिने मान डोलावली. नूडल्सना चिंच, गूळ, वरून दाण्याचं कूट. आई दोन घास खाऊन म्हणाली, "अगं, ही तर आपल्या चिंचगुळाच्या आमटीची बहीण!" आणि आणखी एक प्लेट मागितली. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

तेवढ्यात ऋताने, माझ्या इथेच जन्मलेल्या लेकीने, प्लेटमधून काहीतरी उचललं आणि आनंदाने ओरडली, "एबी!"

"एबी म्हणजे काय गं?" आईने विचारलं. ऋताला मराठी शब्द येत नव्हता. मला येत होता.

"कोळंबी," मी म्हटलं. "सुकवलेली."

इथे 'निकु'त कोळंबी धरत नाहीत. मला ते पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी आनंदाच्या भरात विचारायचं राहिलं.

आईने तोंडातला घास टिश्यूत काढला. पार्कात कचऱ्याचा डबा नाही, स्टेशनवर नाही. तो बोळा मुठीत धरून ती ट्रेनमध्ये निशी-कसाईपर्यंत बसून राहिली. घरी आल्यावर एक पातेलं तिने घासघास घासलं आणि परत जाईपर्यंत त्यातच स्वतःपुरता भात लावला.

"आई, माझ्या स्वयंपाकघरात असलं काही कधी आलेलं नाही गं," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी पुण्याला गेले. आईने सगळं माझ्या आवडीचं केलं होतं. आग्रह करकरून वाढलं. सगळ्यांना स्टीलची ताटं आणि मला काचेची, पाहुण्यांसाठी काढतात ती प्लेट. मला वाटलं, कौतुक आहे. जेवण झाल्यावर मीच ती धुतली आणि बाकीच्या भांड्यांत ठेवली. आईने ती उचलली, पुन्हा धुतली आणि खिडकीत वेगळी वाळत ठेवली.

हल्ली कुणी विचारलं, घर कुठे, तर मी निशी-कसाई सांगते. तिथे माझं ताट बाकीच्या ताटांबरोबर वाळतं.