भरल्या अंगाची सायकल

माझा धाकटा भाऊ विन्सेंझ चाळीस उन्हाळे गावाची गुरं वरच्या कुरणात राखतोय. राहतो खाली, पहाटे चढून जातो आणि दूध काढतो. यंदा त्याचे गुडघे संपले. शेतकऱ्यांचा म्होरक्या कासिआन म्हणाला, दुधाच्या वेळेला वर पोचत असशील तर राख, नाहीतर शनिवारी गुरं चढतील ती दुसऱ्याच्या हवाली. कुरण सुटलं की विन्सेंझ कसा होतो ते मी दर हिवाळ्यात बघते. खिडकीत बसून बर्फाला शिव्या देतो.

म्हणून आम्ही खाली शहरात विजेवरची डोंगरी सायकल घ्यायला गेलो. दोन्ही चाकांना स्प्रिंगा हव्या, म्हणजे दगडांचे हादरे गुडघ्यात जात नाहीत. दुकानातल्या मुलीने तीन दाखवल्या, मोटर, बॅटरी, स्प्रिंग किती दबते, सगळं सांगितलं. विन्सेंझने मान हलवली, ऐकलं काही नाही. बाजारात गाईभोवती फिरतो तसा फिरला. पाठीवर हात दाबला, मागून वाकून पाहिलं. हलकीकडे बघून म्हणाला, "ही आजारी दिसते." मुलगी हसली. तिला वाटलं थट्टा आहे. त्याने सगळ्यांत भरल्या अंगाची निवडली, अठ्ठावीस किलोची. मीही म्हटलं, छान दणकट आहे. माझाही जन्म गोठ्यातच गेला.

गुरुवारी पहाटे तो चढून बघायला पहिल्यांदा निघाला. सुनेने मला गाडीने रस्ता संपतो तिथवर सोडलं. पुढे कुंपण, फाटक नाही, ओलांडायला नुसत्या उभ्या लाकडी पायऱ्या. गुरं पलीकडच्या दरीतून अर्धा दिवस चालून जातात, माणसांची वाट ही एवढीच. विन्सेंझ नवरदेवासारखा ऐटीत आला आणि थांबला. चाळीस वर्षं ते कुंपण पायांनीच ओलांडलं, डोक्याला कधी विचारायचं कामच पडलं नव्हतं.

त्याने सायकल उचलली. गुडघ्यापर्यंत आली, तिथेच राहिली. बॅटरी काढली, तरी तेच. मी मागचं चाक धरलं, तर दोघंही डुलायला लागलो.

"ताई, सोड. तुझी कंबर जाईल."

"मग काय करू ते सांग."

तो पायरीवर बसला. गुरं वर असती तर दुधाची वेळ टळूनच गेली असती. मग त्याने स्वतःच कासिआनला फोन लावला आणि शनिवारसाठी दुसरा माणूस बघ म्हणाला. कासिआनने विचारलं असावं, सायकल बिघडली का म्हणून.

"नाही रे," विन्सेंझ म्हणाला, "सायकल झकास आहे."