दीड फूट उंचीची पेटी

हेब्बाळच्या त्या गल्लीत नरसिंहरावांना नावानं ओळखणारे कमी, ‘मखरवाले अण्णा’ म्हणणारे जास्त. घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांचं, ते त्यांनाही धड सांगता येत नसे. मराठी बोलताना मध्येच कन्नड शिरे, आणि शिरलंय याचा त्यांना पत्ता नसे. सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली आणि जवळजवळ तितकीच वर्षं मंडळाच्या गणपतीचं मखर केलं. मखराचा त्यांचा नियम एकच: मूर्तीच्या डोक्यावर मूर्तीएवढी मोकळी जागा हवी.

दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथर कापायला लागला. गेल्या भाद्रपदात मंडळवाले घरी आले, चहा प्याले आणि अतिशय आदरानं म्हणाले, की यंदा अण्णांनी नुसती देखरेख करावी. अण्णांनी ‘सरी, सरी’ म्हणत मान डोलावली. संध्याकाळी हत्यारांना तेल लावलं आणि खण बंद केला.

तो खण उघडला देवश्रीमुळे. देवश्री म्हणजे त्यांच्या बायकोची, विमलाबाईंची, पुण्याची भाची, एचएसआर लेआउटमध्ये पेइंग गेस्ट. तिनं एक टॅरंट्युला कोळीण पाळली होती. तळहाताएवढी, काळीभोर, केसाळ. रीतसर नोंदणीच्या कागदासकट. घरमालकिणीनं ती पाहिली आणि त्याच दिवशी दोघींना बाहेरची वाट दाखवली. देवश्री प्लास्टिकच्या डब्यातून तिला घेऊन मावशीकडे आली. नाव विचारलं तर म्हणाली, अक्का.

“पेटी पक्की हवी,” विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या. “घरात एकदा जरी फिरताना दिसली, तर तू आणि तुझी अक्का, दोघी बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी बिऱ्हाड करा.”

पेटी करायची म्हटल्यावर नरसिंहराव उठलेच. देवश्रीनं सांगितलं होतं, की पेटी ठेंगणी हवी, नऊ इंच पुरे. ते हसले. “अगं पुट्टी, चपला ठेवायच्यात का आपल्याला? राहायची जागा आहे ती.”

नऊ दिवस ते खपले. डाव्या हातानं उजवं मनगट धरून सिलिकॉनची एकेक रेघ ओढली. दीड फूट उंच काच, समोर सरकती दारं, माथ्यावर पितळी कमान, वर स्टीलच्या जाळीचं झाकण. देवश्रीनं पाहिलं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. मग तिनं काकांचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, “सुंदर आहे, काका.” तीन इंच कोकोपीटचा भुसा, फुटक्या कुंडीचा तुकडा, पाण्याची वाटी असं सगळं मांडून तिनं रविवारी दुपारी अक्काला आत सोडलं.

अक्का तासभर कडेकडेनं फिरली आणि मग कोपऱ्यातून काच चढायला लागली. नरसिंहराव खूश. बघ, आवडली तिला जागा, असं ते म्हणत होते तोवर ती जाळीला पोचली आणि उलटी चालायला लागली. देवश्री पांढरीफटक पडली होती.

“काका, ही जमिनीवरची जात आहे,” ती हळूच म्हणाली. “पोट पाण्याच्या फुग्यासारखं असतं. एवढ्यावरून पडली तर फुटेल. मग काहीच करता येत नाही.”

तेवढ्यात अक्का थांबली. एका पायाची नखी जाळीत अडकली होती. तिनं ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं. बाकीचे पाय एकेक करून सुटत गेले आणि ती त्या एका पायावर लोंबायला लागली.

झाकण उचलायची सोय नव्हती. एक हिसका आणि खेळ संपला.  पण नरसिंहरावांचं डोकं टूलरूमचं होतं. ती खाली येत नसेल तर जमीन वर न्यायची.

“विमला, मऊ काहीतरी आण. पुष्कळ.”

नऊ दिवसांत त्या खोलीत पाऊल न टाकलेल्या विमलाबाई जुन्या सुती साड्यांचा ढीग घेऊन आल्या. नरसिंहरावांनी दार केसाएवढं, मग बोटाएवढं सरकवत उघडलं. देवश्री एकेक घडी आत सारत होती आणि वर लोंबणारी अक्का तिच्या मनगटाच्या वर गोल फिरत होती. साड्यांचा थर चढत गेला. शेवटी अंतर उरलं चार बोटांचं.

आता तार कापायची. नरसिंहरावांनी बारीक कटर घेतला आणि जाळीवर टेकवला. टक टक टक टक. हात थांबेना. प्रत्येक ठोक्याला खाली अक्काला झोका बसत होता. त्यांनी मनगट धरलं, श्वास धरला. टक टक. त्यांनी कटर मागे घेतला.

“मला नाही जमायचं,” ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

देवश्री तर कटर पाहूनच दोन पावलं मागे सरली. विमलाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. जन्मभर भरतकाम केलेली बाई. “कुठली तार?”

“नखीच्या डावीकडची. आधी ती. दाबताना ओढू नको, आणि...”

“अहो, गप्प बसा जरा.”

एक तार तुटली. दुसरी. अक्का पडली, ओला मोजा पडावा तसा आवाज झाला. पाय आखडलेले, हालचाल नाही. देवश्रीनं मोबाइलचा टॉर्च लावून पोटाखाली पाहिलं. कोरडं होतं. तिनं पुन्हा पाहिलं.  मग पुढचा एक पाय उचलला गेला, साडीचा काठ चाचपडला, आणि अक्का घड्यांच्या फटीत शिरून बसली.

“ती हिरवी साडी आता तिचीच,” विमलाबाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

नरसिंहराव पेटीकडे बघत होते. “नऊ इंच म्हणाली होतीस.”

“हो.”

“मग ओरडायचंस ना माझ्यावर.”

“वर्षभरानं हत्यारं काढली होतीत, काका.”

 नरसिंहराव तोंड खणाकडे वळवून म्हणाले, की अशी दया माणसावर दाखवू नये. त्यापायी मुकं जनावर जात होतं. उठून त्यांनी काचेवर लिहायचा मार्कर देवश्रीच्या हातात दिला.

“पेटी कुठवर कापायची, ती खूण तू कर. वर जाळी नको, ॲक्रिलिकच्या झाकणाला भोकं पाडू. काच विमला कापेल. मी सांगेन कशी.”

“मी कधी म्हटलं कापेन म्हणून?” विमलाबाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदराला पुसायला लागल्या.