ऊर्मीला सगळं जमतं

कॅनडात, कनाटा गावातल्या माझ्या शेजारीण देवयानीवहिनी. सरकारी माणसावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांची एकोणीस वर्षांची ऊर्मी व्हीलचेअरवर असते. पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या मेडिकलला, मुलीच्या औषधपाण्याचा खर्च पाहून नाकारतील या धास्तीने, त्यांनी तिला पढवलं होतं, "सगळं जमतं म्हणायचं." पुढे सिटिझनशिप मिळाली, पण धास्ती गेली नाही.

परवा ऊर्मीला मदतनीस किती तास हवी, हे ठरवायला सरकारकडून एक बाई येणार होत्या. वहिनींनी तिची आंघोळीची खुर्ची बेसमेंटमध्ये लपवली आणि मला साक्षीला बसवलं. "फुकट कोण देतं हो? आधी लिहून घेतील, मग पोरीलाच उचलून नेतील!"

आंघोळ? कपडे? बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला वहिनींचंच उत्तर, "सगळं जमतं." माझं डोकं फिरलं. पोरीला उचलून उचलून यांची कंबर गेलीय, ते मला दिसत नाही का?

तेवढ्यात ऊर्मी बाईंना म्हणाली, "कॅन माय मॉम वेट आउटसाइड? मला खरं सांगायचंय."

आम्ही दोघी बाहेर आलो. दार लागलं. वहिनी माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "हिला हे शिकवलं कोणी?"