माझ्या एकटीच्या नावाची पॉलिसी

माझा आरोग्य विमा मी स्वतः निवडला आणि बरोबर निवडला, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगते. शिक्षण माझं सातवीपर्यंतचं. पण लालबागच्या चाळीत पंचवीस वर्षं खाणावळ चालवलेल्या बाईला माणसं कळतात, आणि वाटणीही कळते.

संपाच्या आधी आमच्याकडे कामगार विम्याचं कार्ड होतं, यांच्या गिरणीतल्या नोकरीमुळे मिळालेलं. रोज पंधरा-सोळा गड्यांच्या भाताचे टोप उचलून माझ्या बेंबीपाशी गाठ आली होती. विम्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हर्निया आहे म्हणून सांगितलं, ऑपरेशनची तारीखही दिली. यांना सांगेन सांगेन म्हणत होते, तेवढ्यात संप झाला. पगार थांबला, पुढे कार्डही चालेना आणि सगळं घर माझ्या खाणावळीवर आलं. म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर होतं, खोटं कशाला बोलू? पण ऑपरेशन केलं तर पुढे दोन-तीन महिने टोप कोण उचलणार? जेवणारे गाववाले दुसरीकडे गेले असते. मी पोटाला जुनं लुगडं घट्ट बांधलं आणि कामाला लागले. हे रोज सभेला जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. त्यात माझं रडगाणं कुठे ऐकवू? गप्प राहिले.

वीसेक वर्षं गेली. संप फिसकटला, गिरणी गेली, यांनी छातीतला खोकला घेऊन एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. मुलगा चांगल्या कंपनीत लागला. त्याला कंपनीचा विमा होता, म्हणून आम्हा दोघांचाही काढायचा असं त्याच्या मनाने घेतलं. एजंट आमच्याच चाळीतला, पूर्वी गिरणीत साचे चालवणारा, एके काळी माझ्याच खाणावळीत जेवलेला.

"वैनी, फॅमिली फ्लोटर घ्या," तो म्हणाला. "दोघांची मिळून एकच रक्कम. ज्याला लागेल त्याने वापरायची. वेगवेगळ्या घेतल्यात तर हप्ता जास्त पडेल."

"आणि एकाने सगळी वापरली तर?"

"तर त्या वर्षी दुसऱ्याला नाही. पण दोघं एकदम कशाला आजारी पडाल?"

"मेल्या, तू माझ्याकडे सहा वर्षं जेवलास. मी कधी जेवायची रे?"

तो हसला. "सगळ्यात शेवटी. टोपात काही उरलं तर."

"मग तुझ्या या फ्लोटरमध्ये मी कधी जेवेन?"

अहो, मी मला ओळखत नाही का? रक्कम एक असली की मी ती यांच्या छातीसाठी राखून ठेवणार. मला कुणी अडवायला नको, मीच मला अडवणार. म्हणून सांगितलं, यांची वेगळी आणि माझी वेगळी.

हे भडकले. "आता ह्या वयात वेगळी चूल मांडतलंस काय?" फार लागलं मला ते. पण मागे हटले नाही.

फॉर्म भरताना आधीपासूनच्या आजाराचा रकाना आला. एजंटने पेन टेकवलं. "नाही लिहू ना?" मीही हो म्हणणारच होते. कुणी तब्येत विचारली की "मला काय धाड भरलीय?" हेच वीस वर्षं तोंडात बसलेलं. खाणावळवाली आजारी आहे असं कळलं तर कोण येणार जेवायला? पण इथे खोटं लिहिलं असतं तर नेमक्या वेळी पॉलिसीने हात वर केले असते. म्हटलं, "लिही. हर्निया आहे. जुना आहे."

यांनी "कधीपासून?" विचारलं, तेव्हा "झाली थोडी वर्षं" म्हणून मी उडवून लावलं. एजंट म्हणाला, "मग त्याच्यासाठी काही वर्षं थांबावं लागेल, वैनी."

"थांबेन की."

तिसऱ्या वर्षी न्यूमोनियाने यांची छाती बिघडली. दोनदा ॲडमिट करावं लागलं आणि यांची रक्कम संपली. बिलाच्या खिडकीवर विचारलं, दुसरी पॉलिसी आहे का? मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझी आहे, पण ती यांना चालत नाही." खरं सांगते, त्या क्षणी ती देता आली असती तर मी डोळे मिटून दिली असती. देता येत नव्हती. उरलेलं मुलाने भरलं आणि हे सुखरूप घरी आले. त्या दिवशी मला माझ्या निवडीची जरा लाज वाटली आणि जास्त खात्री पटली.

थांबायची वर्षं संपली तशी मीच तारीख घेऊन आले. सोबत हे आले होते. तपासायला डॉक्टर होती, मुलाहूनही लहान पोरगी. गाठ दाबून बघत म्हणाली, "बाप रे, आजी! केव्हापासून आहे ही?"

यांच्यासमोर सांगावं की नाही, असं झालं मला. पण इथेही खोटं बोलले तर मग आले कशाला?

"संपाच्या आधीपासून," मी म्हटलं.

"कुठला संप?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. "संप आम्ही केला होता, डॉक्टर," म्हणाले. "भोगला हिने. मला आज कळतंय."